नक्कल

एलटीसीचा ब्लॉक संपत आला की आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना अचानक देवदर्शनाची ओढ लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मलाही लागली. उज्जैन, ओंकारेश्वर, इंदूर अशी यादी साहेबांपुढे ठेवली, रजा मंजूर करून घेतली, आणि यादीत न लिहिलेले एक गाव मनात धरून निघालो. ते गाव म्हणजे देवास. बायकोला सांगितले की तिथे टेकडीवर देवीचे जागृत स्थान आहे. ते काही खोटे नव्हते.

इंदूरहून देवास पस्तीसेक किलोमीटर. टॅक्सीत मागे माझा मुलगा आणि भाचा बसले होते आणि दोघांचे जोरदार भांडण चालले होते. विषय होता, खरा सुपरमॅन कोणता? भाच्याच्या मते २०१३ चा हेन्री कॅव्हिल, आणि २०२५ साली आलेला डेव्हिड कोरेनस्वेट म्हणजे नुसता गुळगुळीत पोरगा. मुलाच्या मते उलट. मी पुढच्या सीटवरून तोंड घातले, "अरे, खरा सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह. १९७८ चा. बाकीचे सगळे त्याचे कपडे घालून फिरतात." दोघांनी मिळून माझी कीव केली. आणि वाक्य तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आले की हे वाक्य माझे नाहीच. ते माझ्या आजोबांचे आहे. फक्त ते सुपरमॅनबद्दल बोलत नसत, बालगंधर्वांबद्दल बोलत.

वाचकांना वाटेल, कुठे सुपरमॅन आणि कुठे बालगंधर्व. मलाही तसेच वाटायचे. पण गाजलेली भूमिका आणि तिचा पहिला धनी गेल्यावर तिचे काय करायचे, हा प्रश्न हॉलिवूडच्या फार आधी आपल्या संगीत नाटकाने अंगावर घेतलेला आहे. आणि त्याचे मला पटलेले उत्तर देवासला मिळाले, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी देवासबद्दल थोडे. हे गाव मुळातच एका जागेवर दोन माणसे बसवणारे. पेशवाईत तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना हा मुलूख मिळाला आणि त्यांच्या वंशजांची दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हींची राजधानी एकच, देवास! दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली तेव्हा हा प्रकार संपला. टेकडीवरसुद्धा देवी दोन आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. तिथले लोक मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने इथे राहिला होता. गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने इथेच पाहिला आणि तो पुढे आपल्या कादंबरीत घातला. (सचिवाच्या टेबलावर कागद किती साठले होते याचे त्याने केलेले वर्णन वाचून मला फार बरे वाटले होते.) कवी भा. रा. तांबे याच माळव्यात वाढले, देवासला शिकले. रजब अली खाँसाहेबांसारखा गवई देवास दरबारचा. तेव्हा १९४८ च्या जानेवारीत एक आजारी तरुण गवई इथे हवापालट करायला आला, तो काही अगदीच ओसाड जागी आला नव्हता.

तो गवई म्हणजे कुमार गंधर्व. ज्या दिवशी ते देवासला पोचले तो दिवस ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. कुमारांचे वय तेव्हा २३. क्षयाने फुप्फुस पोखरलेले, गाण्याची सक्त मनाई. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून इथे आणले. पुढची चार-पाच वर्षे बहुतेक अंथरुणात गेली, आणि मग स्ट्रेप्टोमायसिन नावाचे नवे औषध आले म्हणून ते वाचले. त्यांची पुढची सगळी कारकीर्द देवासचीच. १२ जानेवारी १९९२ ला गेले तेही इथेच.

आता बालगंधर्वांकडे येतो. आणि त्यासाठी त्यांच्याही आधी जावे लागेल, कारण बालगंधर्व हे स्वतःच एक बदली कलाकार होते. आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी मला जेवायला वाढले नसते.

किर्लोस्कर मंडळीने १८८० साली शाकुंतल आणि १८८२ साली सौभद्र रंगभूमीवर आणले. यातली शकुंतला आणि सुभद्रा गाजवली ती भाऊराव कोल्हटकरांनी. भावड्या म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. पल्लेदार, उंच आवाज. भाऊराव १९०१ साली गेले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. आज आपण त्या घटनेकडे एका युगाचा आरंभ म्हणून बघतो. पण त्या दिवशी थिएटरात बसलेल्या चाळिशीतल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो काय असेल? भावड्याच्या जागी आणलेला पोरगा. दुसरे काय!

मात्र या पोराला एक मोठी सवलत मिळाली होती. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. भाऊराव त्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज कुठल्याही तबकडीवर नाही. म्हणजे बालगंधर्वांची तुलना करायची तर ती लोकांच्या आठवणीतल्या भाऊरावांशी करायची. आणि आठवण ही दयाळू असते. ती हळूहळू पुसट होते, मागे सरते, नव्या माणसाला जागा करून देते. दहा वर्षांत मानापमानातली भामिनी (१९११), स्वयंवरातली रुक्मिणी (१९१६) झाली, मग १९१९ साली एकच प्याला मधली सिंधू आली, आणि नायिका म्हणजे बालगंधर्व हे समीकरण होऊन बसले. भाऊराव नावापुरते उरले.

बालगंधर्वांनंतर येणाऱ्यांना ही सवलत नव्हती. कारण बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या, भरपूर निघाल्या, आणि घरोघरी गेल्या. आमच्याही घरी आल्या. फोंडा तालुक्यातले आमचे घर, पोर्तुगीज अमदानी, पण आजोबांच्या खोलीत कर्ण्याचा ग्रामोफोन आणि बालगंधर्व. आता आधीचा नट जातच नाही. तो कपाटात असतो. केव्हाही पिन टेकवा, तो हजर. त्याचे वय वाढत नाही, घसा बसत नाही, तालमीला उशीर होत नाही. त्याच्याशी नवा माणूस कसा लढणार?

गंमत म्हणजे ही लढाई खुद्द बालगंधर्वांनाही बघावी लागली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या, आणि ज्या नायिका बालगंधर्वांनी घडवल्या त्या गोहरबाई करू लागल्या. बालगंधर्व पुरुषभूमिकेत उभे राहू लागले. गोहरबाईंचे गाणे थेट त्यांच्या वळणाचे. म्हणजे पन्नाशीतला कलावंत पुरुषवेषात उभा आहे आणि समोर एक बाई त्याचीच जुनी भूमिका त्याच्याच ढंगात गाते आहे. या जोडीबद्दल बरेच बरेवाईट लिहिले गेले आहे. मला मात्र त्या एका क्षणाचे कुतूहल वाटते. त्यांना काय वाटत असेल? आरशात बघितल्यासारखे, की घरात कोणी शिरल्यासारखे?

आमच्या खात्यात बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. फायली किती, शिक्के किती, कपाटाच्या किल्ल्या किती, सगळे लिहून सही घ्यायची. नव्या माणसाने ती खुर्ची घेतली की जुन्याने तिकडे फिरकायचे नसते. रंगभूमीवर चार्ज द्यायची पद्धत नाही. जुना माणूस मरतो तरी खुर्ची सोडत नाही.

हे सगळे मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला एक घरगुती कारण आहे. गोव्यात देवळाच्या जत्रेला, काल्याला गावच्या मंडळींनी संगीत नाटक करायचे ही जुनी चाल. आमच्या गावात सौभद्र ठरलेले. आणि त्यातला कृष्ण ठरलेला, आमचे आप्पा. म्हणजे माझे थोरले काका, पण सगळा गाव त्यांना आप्पाच म्हणे. सलग वीस-बावीस वर्षे त्यांनी कृष्ण केला. नाटकातला कृष्ण हा मोठा वस्ताद. वरकरणी बलरामदादांच्या आज्ञेत, आणि आतून सुभद्रेला अर्जुनाबरोबर पळवून लावायचे सगळे कारस्थान त्याचेच. आप्पा ते असे करत की माणसे वाक्याआधीच हसायला लागत. उजवी भुवई वर, शेला डाव्या खांद्यावरून उजव्यावर, आणि पदाआधी एक बारीकसा खाकरा. तो खाकरा खरे तर विड्यांमुळे होता.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी पंचविशीत होतो, नुकताच नोकरीला लागलो होतो. बी.ए. झालेला, आवाज बरा, आणि घराण्यातला, म्हणून कृष्ण माझ्याकडे आला. आमच्याकडे आप्पांच्या शेवटच्या दोन प्रयोगांची व्हिडिओ कॅसेट होती. एका मुंबईकराने जत्रेला येऊन घेतलेली. तीन महिने मी ती कॅसेट फिरवून फिरवून पाहिली. भुवई बसवली. शेला बसवला. खाकरासुद्धा बसवला! प्रयोगाच्या रात्री सगळे बिनचूक झाले. टाळ्या पडल्या. मी वेष उतरवून बाहेर आलो तर शेजारची आजी सभामंडपाच्या पायरीवर बसली होती. तिने मला जवळ बोलावले, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुता, आप्पाक बरो दाखयलो. पूण कृष्ण आयज आयलोच ना."

आप्पा दाखवला, पण कृष्ण आलाच नाही. त्या रात्री झोप लागली नाही. राग आला होता, कारण मेहनत खरी होती. नाटकात प्रत्येक नटाला त्याची वाक्ये आणि पदे वहीत उतरवून देतात, तिला नक्कल म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. 'नक्कल पाठ झाली का?' असे मास्तर विचारतात. मी कागदावरची नक्कल बाजूला ठेवून माणसाची नक्कल पाठ केली होती. तिसरी नक्कल आम्ही ऑफिसात देतो, अर्जासोबत शुल्क भरून, 'अस्सलबरहुकूम' असा शेरा मारून. त्या वर्षीचा माझा कृष्ण या तिसऱ्या जातीतला होता.

२००६ साली सुपरमॅनच्या बाबतीत नेमके हेच झाले. मी तो चित्रपट त्या वर्षीच पणजीत पाहिला होता. ब्रॅण्डन राऊथ नावाचा नवा नट. रीव्हच्या पहिल्या दोन चित्रपटांचीच गोष्ट पुढे चालू ठेवलेली, तेच जॉन विल्यम्सचे संगीत, तीच कपाळावरची बट, चष्मा सावरायची तीच लकब. रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून पंगू झाला आणि २००४ मध्ये गेला, त्यामुळे त्या पोशाखाला हात लावताना सगळ्यांचाच हात कापत असणार. पोरगा वाईट नव्हता. पण पडद्यावर सुपरमॅन नव्हता, रीव्हची आठवण होती. त्या चित्रपटाचा पुढचा भाग निघालाच नाही. काळोखात बसून मला आजीचे शब्द ऐकू येत होते.

तर आता कुमार गंधर्व. या माणसाची सगळ्यात नवलाची गोष्ट अशी की नक्कल करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ, वय वर्षे सात-आठ. मोठमोठ्या उस्तादांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. हरकत न् हरकत, श्वास न् श्वास. त्याच जोरावर लहानपणी गावोगाव जलसे झाले, 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. (आपल्याकडे गंधर्व ही पदवीसुद्धा सुपरहिरोच्या पोशाखासारखी. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व, आणि अगदी अलीकडे आनंद गंधर्व. अंगरखा तोच, आतला माणूस वेगळा.) पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे खरे शिक्षण झाले. आमच्या पेडणे तालुक्यातल्या मालपेच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही ते शिकले, हे गोव्याच्या माणसाने सांगितलेच पाहिजे.

मग आजार आला आणि गळ्याला कुलूप लागले. देवासच्या त्या खाटेवर कुमारांनी केले काय, तर ऐकले. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, भिक्षेकऱ्यांची भजने, बाजारातले आवाज. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गाणे बदललेले होते. आता तबकडीवरच्या उस्तादांचे त्यात काही दिसत नव्हते. दम लांब पुरत नसे, म्हणून स्वर तुकड्यातुकड्यांनी यायचे आणि मधल्या शांततेलाही अर्थ यायचा. लोकगीतांतून नवे राग आले, पुढे १९६५ मध्ये अनुपरागविलास हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ आला.

आणि त्याच सुमारास, १९६५ मध्ये, त्यांनी एक कार्यक्रम केला: मला उमजलेले बालगंधर्व. बालगंधर्वांच्या नाटकातली पदे, कुमार गंधर्वांच्या गळ्यातून. नंतर त्याची लाँगप्ले तबकडीही निघाली.

त्यावेळची स्थिती लक्षात घ्या. बालगंधर्व हयात होते. सत्त्याहत्तरीचे, थकलेले. १९६४ साली पद्मभूषण मिळालेले. १५ जुलै १९६७ ला ते गेले. त्यांच्या नकला करणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. लुगडे नेसून, नथ घालून, लाडिक मान वेळावून पदे म्हणणारे. आणि लहानपणी जगातली कुठलीही तबकडी गळ्यातून काढून दाखवणारा हा माणूस, तो ठरवता तर बालगंधर्व हुबेहूब उभे करता. त्याने ते केले नाही. लुगडे नाही, नथ नाही, रंगमंचाचा आव नाही. ख्यालगायकाच्या नेहमीच्या बैठकीत बसून ती पदे गायली. आणि नाव काय दिले? 'बालगंधर्वांची पदे' नाही, 'बालगंधर्वांस अभिवादन' नाही, 'बालगंधर्व दर्शन' नाही. मला उमजलेले. मला जेवढे कळले तेवढे, आणि मला कळले तसे. त्यात नम्रता आहे, आणि ऐट पण आहे. तुमचे बालगंधर्व तुमच्या कपाटात सुखरूप आहेत, त्यांना मी हात लावत नाही, असे त्या नावातच सांगून टाकले आहे.

आमच्या आजोबांना हे सांगून पटले नाही. तबकडी वडिलांनी मुंबईहून आणली. आजोबांनी एक बाजू शांतपणे ऐकली, आणि "हे देवासचे गंधर्व. आमचे नव्हेत," असे म्हणून खोलीत जाऊन स्वतःची तबकडी लावली. बाहेरच्या खोलीत कुमार आणि आतल्या खोलीत बालगंधर्व, असे बराच वेळ चालले होते म्हणे. नंतर कित्येक वर्षे घरात हा विषय जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियम होता. मी जन्मलो तोपर्यंत आजोबा थकले होते, पण 'बाकीचे सगळे त्यांचे लुगडे नेसून फिरतात' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे.

मी स्वतः ते गाणे कॅसेटवर ऐकले, जत्रेतल्या त्या फजितीनंतर. मी काही गाण्यातला जाणकार नव्हे, गावठी कृष्ण आहे. पण दोन्ही तबकड्या पाठोपाठ लावल्यावर मला एवढे कळले. बालगंधर्व शब्द घेऊन लयीच्या किंचित मागे रेंगाळतात आणि समेला असे सहज येऊन टेकतात की चुकणार चुकणार म्हणून आपण श्वास धरलेला असतो. त्या रेंगाळण्यातच ती भामिनी, ती रुक्मिणी, ती लाजणारी किंवा रुसणारी बाई आहे. नकलाकार गळ्याची गोडी उचलतात, मान उचलतात, आणि हे नेमके सुटते. कुमारांनी गोडी सोडली, मान सोडली. ते रेंगाळणे तेवढे धरले. आवाज टोकदार, पुरुषी, कधीकधी तर तुटक. आणि तरी बाई दिसते. बहुधा म्हणूनच दिसते.

हे कळल्यावर मला बाकीचेही उलगडायला लागले. आमच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ घ्या. मानापमानातला धैर्यधर १९११ साली पहिल्यांदा नानासाहेब जोगळेकरांनी केला. गोविंदराव टेंब्यांनी केला, केशवराव भोसल्यांनी केला. दीनानाथांच्या तबकड्यांवर त्यातली पदे ऐका, चाल ओळखू येईस्तोवर क्षणभर जातो. वीजच पडते. ते कोणाच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाहीत. किंवा जोकर घ्या. १९८९ साली जॅक निकल्सनने तो केला आणि विषय संपला असे सगळ्यांना वाटले. हीथ लेजरचे नाव जाहीर झाले तेव्हा लोकांनी नाके मुरडली. २००८ च्या जानेवारीत तो गेला, जुलैत चित्रपट आला, आणि पुढच्या वर्षी मरणोत्तर ऑस्कर. त्याच्या जोकरमध्ये निकल्सनचा मागमूस नाही. (आणि १९८९ च्याच चित्रपटात मायकेल कीटनला बॅटमन केले म्हणून कंपनीकडे हजारो निषेधपत्रे गेली होती. आज त्याच कीटनसाठी लोक गळे काढतात. आमचे आजोबा सगळीकडे असतात.)

टॅक्सीतला भाचा म्हणाला की स्पायडरमॅनने हा प्रश्न सोडवलाय, २०२१ साली तिन्ही स्पायडरमॅन एकाच चित्रपटात आणले. मी म्हटले, आम्ही त्याच्या शंभर वर्षे आधी केले. ८ जुलै १९२१, मुंबई. संयुक्त मानापमान. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. अर्थात तिथे भूमिका दोन होत्या, एकाच अंगरख्यात तीन माणसे नव्हती, हे भाच्याने लगेच दाखवून दिले. तेही बरोबरच.

मराठी चित्रपटाने अलीकडे आणखी एक तोड काढली आहे. भूमिकेची वाटणीच करायची. २०११ च्या बालगंधर्व चित्रपटात चेहरा सुबोध भावेचा आणि गळा आनंद भाटे यांचा. २०१५ च्या कट्यार काळजात घुसली मध्ये खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे. १९६७ साली हे दोन्ही एकट्या वसंतराव देशपांड्यांनी केले होते, आमच्याच मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या संगीतावर. राहुलने २०१० साली आजोबांची ही भूमिका रंगभूमीवर उभी केली तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल याची मला थोडीफार कल्पना आहे. जत्रेत निदान तिकीट नसते. वाटणीची तोड व्यवहाराची आहे, चित्रपट दोन्ही चांगले चालले. पण मला ती थोडी पळवाट वाटते. एका माणसाला संपूर्ण उमजलेली भूमिका ही वेगळीच गोष्ट.

असो. देवासला आम्ही टेकडी चढलो, दोन्ही मातांचे दर्शन घेतले. उतरल्यावर विचारत विचारत माताजीच्या रस्त्यावर कुमारांच्या घरापर्यंत गेलो. घराचे नाव भानुकुल. पहिल्या पत्नी भानुमतींचे नाव त्यात आहे, त्या १९६१ मध्ये गेल्या. पुढे वसुंधराताई आल्या, त्यांची मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश ही गाणारी माणसे. आपण कोण म्हणून आत जायचे? फाटकापाशीच थोडा वेळ उभे राहिलो. झाडे पुष्कळ आहेत. वर टेकडी दिसते. बायको म्हणाली, "हे देऊळ यादीत होतं का?"

मी कृष्ण पुढे बारा वर्षे केला. दुसऱ्या वर्षी कॅसेट लावली नाही. भुवई आपोआप गेली, खाकरा मुद्दाम काढला, आणि शेल्याचे काय करावे ते न सुचल्यामुळे तो हातातच धरला. त्या वर्षी कोणीच काही बोलले नाही, ना बरे ना वाईट. आजीने फक्त देवळातल्या प्रसादाचे केळे दिले. आप्पा तेव्हा खुर्चीवर बसून पहिल्या रांगेत होते. तोंड वाकडे झाल्यामुळे हसले की रडले ते समजले नाही.

यंदा जत्रेला कृष्ण नवा आहे. गावातलाच इंजिनियर झालेला मुलगा. पुण्याला नोकरी, शनिवार-रविवार येऊन तालमी करणार. परवा संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या प्रयोगाचा व्हिडिओ आहे म्हणे तुमच्याकडे. आणि आप्पांची कॅसेट पण. दोन्ही पेन ड्राइव्हवर द्याल का?" मी त्याला चहा दिला. कपाटातून आप्पांच्या हातची वही काढली, शाई फिकट झालेली, मधली चार पाने माझ्या अक्षरातली. ती दिली. कॅसेटला बुरशी आली आहे असे सांगितले. त्याने वही चाळली, मग विचारले, "पहिल्या प्रवेशात आप्पा कुठल्या बाजूने यायचे?"

आठवत नाही म्हटले. रविवारी पाच वाजता सभामंडपात ये.